पाव किलो चैन

मध्यमवर्गीय माणसाला पैसे खर्च करता येत नाहीत, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मुलीच्या क्लासची फी, मेव्हण्याच्या वास्तुशांतीचा आहेर, सोसायटीच्या गळक्या टाकीसाठी काढलेली जादा वर्गणी, हे सगळं तो तोंडातून चकार शब्द न काढता भरतो. (बायकोशी आठ दिवस बोलतो, ते सोडा.) त्याला खर्च करता येत नाही तो फक्त स्वतःवर. स्वतःसाठी एक रुमाल घ्यायला म्हणून तो दुकानात शिरतो, "अर्धा डझन घेतले तर कसे पडतील?" असं विचारतो, आणि घरी येऊन सहाच्या सहा रुमाल इतरांना वाटून मोकळा होतो. वर पुन्हा "माझा जुना आहे की!" हे आहेच.

'चैन' हा शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण तो नेहमी दुसऱ्यांच्या संदर्भात. शेजाऱ्यांनी सोफा घेतला की "चैन चाललीय". आत्येभाऊ विमानाने दिल्लीला गेला की "चैन चाललीय". चैन ही नेहमी 'चाललेली' असायची, आणि ती आमच्या दारावरून पुढे जायची. लोकलच्या डब्यात साखळीखाली सूचना असते, विनाकारण ओढल्यास दंड होईल. आमच्याकडे चेन आणि चैन या दोहोंना एकच नियम लागू होता.

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत काउंटरवर बसून वीसएक वर्षं झाली. हल्ली कागदोपत्री आम्हांला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पण काउंटरच्या पलीकडचा माणूस मला "ओ साहेब" म्हणतो आणि कॉम्प्युटर बंद पडला की जे म्हणतो, ते कौटुंबिक वाचनासाठी काढलेल्या पुस्तकात लिहिता येत नाही. सांगायचा मुद्दा, हिशेब हा माझा धर्म. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा, हे मी शुभंकरोतीच्या चालीवर म्हणू शकतो. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या एका साधूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत जगाला समजावून सांगितली. त्या वेळी व्हेनिसमध्ये कॉफी पोचायची होती. म्हणजे या भल्या माणसाने नावे आणि जमेचा ताळा कॉफीच्या घोटाशिवाय जुळवला! साधू उगीच नव्हे.

तर या पुस्तपालनात एक फार गोड खातं आहे. त्याचं नाव 'उचल'. मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काही घेतलं, गल्ल्यातून शंभर रुपये काढले किंवा दुकानातला साबण घरी नेला, की ती नोंद उचल खात्यात होते. ती चोरी नाही, तोटा नाही, दानधर्मही नाही. मालकालाही हौसमौज असते, हे या रुक्ष शास्त्राने मान्य करून त्यासाठी एक पान राखून ठेवलं आहे. आता मध्यमवर्गीय घराची हिशेबाची वही उघडा. दूध, किराणा, वीज, हप्ता, औषधं, देवधर्म, आहेर, सगळी खाती सापडतील. उचल खातं तेवढं नसतं. कारण उघड आहे. तिथे मालक कोण, हेच ठरलेलं नसतं.

आता कॉफीकडे वळू.

मराठी घरात कॉफी हे पेय नव्हतं, तो प्रसंग होता. चहा रोजचा. कॉफी व्हायची ती दोनच कारणांनी. एक तर घरात कोणी तरी आजारी असायचं, नाही तर व्याही यायचे असायचे. दोन्ही वेळा घरातल्या माणसांचे चेहरे साधारण सारखेच दिसत. दुधात साखर घालून उकळायचं, त्यात चमचाभर पूड टाकायची आणि वर जायफळ उगाळायचं. जायफळाने झोप येते आणि कॉफीने जाते, असं म्हणतात. ती दोघं पोटात गेल्यावर आपसांत काय ते मिटवून घेत असावीत. पुडीचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर, रांगोळीच्या डब्यामागे. वर्षातून तीन वेळा उघडला जाणारा तो डबा. आतल्या पुडीचा पार दगड झालेला असे आणि आई ती चमच्याने न काढता उलथन्याने काढत असे.

या परंपरेत वाढलेल्या माणसाला कॉफीचा नाद लागायचं काही कारण नव्हतं. तो लावला आमच्या ब्रँचच्या हेड कॅशियरसाहेबांनी. मूळचे पालघाटकडचे, जन्म माटुंग्याचा, मराठी माझ्याहून शुद्ध. नोटांची मोजणी आणि कॉफी या दोन विषयांत ते तडजोड करत नाहीत. एकदा दुपारी खालच्या टपरीवरून कागदी पेल्यातली कॉफी आली. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि नोट बनावट निघाल्यावर ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "हे गरम आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

मग त्यांनी मला फिल्टर समजावून दिला. हे एक दुमजली भांडं असतं. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोकं. वर कॉफीची पूड घालायची, छत्रीसारख्या एका चकतीने ती हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण लावायचं. वरचं पाणी गळत गळत खालच्या मजल्यावर उतरतं, ते डिकॉक्शन. माझं बालपण चाळीत गेल्यामुळे मला ही रचना लगेच समजली. फरक इतकाच, की इथे खालच्या मजल्यावरचा माणूस भांडायला वर येत नाही.

"आणि पाणी ओतल्यावर काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही करायचं नाही. वीस मिनिटं. हलवायचं नाही, ठोकायचं नाही, झाकण काढून बघायचं नाही."

खरं सांगतो, मी घाबरलो. वीस मिनिटं काही न करता बसायची सवय मला फक्त लोकल कळव्याजवळ थांबल्यावरची. तीसुद्धा उभ्याने.

तरीही एका महिन्यात पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोंबिवली फास्ट सोडली आणि स्लो पकडली. माटुंग्याला फास्ट थांबत नाही. चैनीच्या गावाला स्लो गाडीनेच जावं लागतं, हे रेल्वेने किती आधीपासून ओळखलं आहे बघा! भांड्यांच्या दुकानात फिल्टर मागितला. दुकानदाराने विचारलं, "किती माणसांचा?"

प्रश्न साधा होता. उत्तर 'एक' असं होतं. पण ते माझ्या तोंडून बाहेर पडेना. बायको, मुलगी, आई, सगळ्या फळीवरच्या कपबशांसारख्या ओळीने डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हणालो, "दोन." हे दुसरं माणूस कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण एकट्यासाठी काही मागायला लागणारा निर्लज्जपणा एकदम कुठून आणायचा?

तिथून कॉफीच्या दुकानात. बाहेर फुटपाथवरच तो भाजलेल्या बियांचा वास धरून ओढतो. आत गेल्यावर मला कळलं, की कॉफी मागणं हे बँकेत खातं उघडण्याइतकंच चौकशीचं काम आहे. प्लँटेशन की पीबेरी? चिकोरी किती? बारीक की जाड?

पीबेरीची गोष्ट मला फार आवडली. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया असतात. एकमेकींना चिकटून वाढल्यामुळे त्या एका बाजूने चपट्या होतात. दोन भावांनी दोन खोल्यांत संसार केला की दोघांचीही एकेक बाजू अशीच चपटी होते. पण एखाद्या फळात एकच बी धरते. तिला ऐसपैस जागा मिळते आणि ती छान गोल होते. तीच पीबेरी. एकुलतं एक असल्यामुळे तिचा भावही जास्त.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॉफीचा कैफ मुळीच नसतो. पण ती डिकॉक्शनला रंग देते, दाटपणा देते आणि भाव खाली आणते. प्रत्येक कार्यालयात असे एक-दोन लोक असतात. मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असली पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे काठावरचं का होईना, बहुमत कॉफीचंच हवं. मी 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी असं भक्कम सरकार निवडलं आणि पाव किलो दळून घेतलं. 240 रुपये. पाकीट अजून कोमट होतं. डोंबिवलीपर्यंत ते मांडीवर धरून बसलो होतो. (हो, बसायला मिळालं. स्लोचा आणखी एक फायदा.) शेजारचा माणूस मुलुंडपर्यंत माझ्याकडे वळूनवळून बघत होता, ठाण्याला उतरताना त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि मगच उतरला.

आता हिशेब. त्याशिवाय मला घोट उतरत नाही. एका कपाला 10 ग्रॅम धरली तर पाव किलोत 25 कप होतात. म्हणजे पूड 9 रुपये 60 पैसे. दूध 100 मिलिलिटर, 7 रुपये. साखर आणि गॅस मिळून 1 रुपया 40 पैसे. (हा आकडा बेरीज पूर्ण यावी म्हणून घातला आहे, ऑडिटरांनी तिकडे दुर्लक्ष करावं.) एकूण 18 रुपये. मॉलमध्ये एका कपाचे 200-250 रुपये सहज पडतात, आणि तिथे आपलं नाव विचारून ते पेल्यावर लिहितात. माझं नाव माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी जादा पैसे द्यायची मला गरज वाटत नाही.

रविवारी पहाटे साडेसहाला, सगळे झोपलेले असताना, मी फिल्टर भरला आणि खुर्ची ओढून समोर बसलो. या वीस मिनिटांत काही करायचं नसतं. पण विचार करायला हेड कॅशियरसाहेबांनी मनाई केलेली नाही.

माझ्या मनात पहिले आले ते बाबा बुदन. सतराव्या शतकात हे सूफी संत हजहून परत येताना येमेनमधल्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आजही त्यांचंच नाव आहे. सात बिया! आमच्याकडे दिवसअखेर सात रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. पुस्तपालनाच्या दृष्टीने पाहिलं तर तीही एक उचलच. पण त्या सात बियांच्या उचलीवर आज कर्नाटकातले डोंगरच्या डोंगर उभे आहेत. आपल्या विदर्भातल्या चिखलदऱ्यातसुद्धा कॉफीची झाडं आहेत. सगळ्याच उचली वाया जात नाहीत.

नंतर आठवला लंडनचा एडवर्ड लॉइड. 1680 च्या दशकात त्याचं कॉफीचं दुकान होतं. जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे तिथे जमत, आणि त्या गप्पांतून लॉइड्सचा विम्याचा बाजार उभा राहिला. आज पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजोबांना विमा पॉलिसी विकण्याचं टार्गेट माझ्या डोक्यावर आहे, त्याचा उगम त्या कॉफीत आहे. लॉइडने लिंबू सरबत विकलं असतं तर माझी मार्चअखेर बरी गेली असती.

तेवढ्यात वीस मिनिटं संपली. फिल्टरच्या खालच्या मजल्यात शाईसारखं काळंभोर डिकॉक्शन साठलं होतं. दूध उकळलं, साखर घातली, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून धार धरून फेस आणला. या बसक्या वाटीला तिकडे 'डबरा' म्हणतात. आपल्या रस्त्यावरच्या डबऱ्यांशी तिचा काही संबंध नाही; या डबऱ्यात पडावंसं वाटतं.

पहिला घोट मी घेणार, इतक्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. आई उठली होती. भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघराच्या दारात आली, तिथेच थांबली आणि म्हणाली, "हा वास तुझ्या बाबांच्या शर्टाला यायचा."

"बाबांच्या?"

"दर महिन्याच्या एक तारखेला."

बाबा परळला एका कचेरीत कारकून होते. (कारकुनी ही आमची वडिलोपार्जित इस्टेट.) त्यांना मी घरात बिनसाखरेचा कोरा चहा पिताना पाहिलं होतं. तब्येतीसाठी नव्हे, महिनाअखेरीला दूध आणि साखर दोन्ही संपत म्हणून. ते काही वर्षांपूर्वी गेले. पण त्यांच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर होत्या. मी स्टूल घेतलं आणि वह्या खाली काढल्या. 1988 सालची उघडली. सुबक अक्षर, प्रत्येक ओळीखाली पट्टीने आखलेली रेघ. दूध. रॉकेल. पास. शाळेची फी. काकूला मनीऑर्डर. आणि दर एक तारखेला, सगळ्यांत शेवटी, एक ओळ: 'किरकोळ'. पुढे कधी 4 रुपये, कधी 5. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. वहीत ज्या माणसाने काड्यापेटीचे पैसे वेगळे लिहिले होते, त्याला किरकोळ म्हणजे काय, ते लिहायला जागा मिळाली नव्हती.

"पगार झाला की माटुंग्याला उतरायचे," आई म्हणाली. "उडप्याकडे बसून एक कॉफी प्यायचे. एकटेच. मग घरी."

"तुला सांगायचे?"

"छे! वासावरून कळायचं."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की वीस वर्षं बँकेत राहूनही तुला व्यवहार कळला नाही. "विचारलं असतं तर सोडली असती त्यांनी," ती म्हणाली.

मी गप्प राहिलो. मग दुसरा पेला भरून तिच्यासमोर ठेवला. फिल्टर दोन माणसांचा का घेतला होता, ते त्या वेळी समजलं. आईने घोट घेतला. साखर कमी आहे म्हणाली, जायफळ का नाही म्हणाली, आणि डबरा चाटूनपुसून रिकामा केला.

"आणि तुझं किरकोळ कशात असायचं?" मी विचारलं. वहीत भाजीचा हिशेब तिच्या अक्षरात होता.

"भाजीत," आई म्हणाली आणि उठून देवघरात गेली.

भाजीत दडलेलं काय होतं, गजरा होता, मॅटिनी होती, की आणखी काही, हे तिने सांगितलं नाही. आणि मीही आमच्या घराण्याचा रिवाज पाळून विचारलं नाही. पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मध्यमवर्गीय माणूस चैन करत नाही, हे खोटं आहे. तो करतो. फक्त ती 'किरकोळ' आणि 'भाजी' अशा टोपणनावांनी करतो. हिशेबाची वही त्याला उघडपणे जे लिहू देत नाही, ते तो बिचारा कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवतो. ही पाळी आमच्या वहीवर येऊ नये, असं मला वाटलं.

आमच्या घरचा हिशेब सौ.च्या ताब्यात असतो. तोही मोबाइलवर नाही, दरवर्षी बँकेकडून मला मिळणाऱ्या डायरीत. त्या रात्री ती डायरी घेऊन बसली तेव्हा मी सगळे आकडे सांगितले. फिल्टर 350, कॉफी 240.

"किराण्यात टाकते," सौ. म्हणाली.

"नको. वेगळा रकाना आख. वर लिही, उचल."

"म्हणजे?"

मी तिला समजावून सांगितलं. मालक, धंदा, गल्ला, साबण, सगळं. कॉमर्सचा एवढा उपयोग मला आजवर कधी झाला नव्हता. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पट्टी घेतली आणि रकाना आखला. मग एकच प्रश्न विचारला, "यात मालक एकच असतो का?"

"भागीदारीत प्रत्येकाचं उचल खातं असतं," मी कायद्याला धरून उत्तर दिलं.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस बेरीज तपासायला तिने डायरी माझ्यापुढे सरकवली. उचलीच्या रकान्यात माझे 240 होते. त्याखाली तिच्या अक्षरात दुसरा आकडा होता: 380. तपशिलाच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

पावती नसलेली नोंद पास करू नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी लाल पेन्सिल घेतली, 380 पुढे टिक केली आणि पान उलटलं.